बराकीपर्यंत पोहोचणारे पुस्तकांचे दुकान

सोलापूरच्या नवी पेठेतून आत वळणाऱ्या एका बोळात धार्मिक पुस्तकांचे लहानसे दुकान आहे. पाटीवर ‘धार्मिक पुस्तके व पूजासाहित्य’ एवढेच लिहिलेले असून मालकांना नाव झळकवण्याची हौस नाही, म्हणून मीही ते देत नाही. आमचे भजनी मंडळ रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एकदा एका कारागृहात जाते आणि तेथील बंद्यांनी मागितलेली पुस्तके मी गेली चार वर्षे याच दुकानातून नेतो.

पहिल्या खेपेस मी पुठ्ठा बांधणीच्या सहा ज्ञानेश्वऱ्या दुसरीकडून घेऊन गेलो होतो. पुठ्ठ्याच्या पोकळीत काहीही दडवता येते, या कारणाने त्या झडतीत अडल्या आणि मला तशाच परत आणाव्या लागल्या. या दुकानाच्या मालकांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, पातळ पात्याने पुठ्ठे अलगद सोडवले आणि जाड खाकी कागदाची वेष्टणे चढवून प्रत्येक प्रत चादरीच्या सुताने शिवून दिली. हरिपाठाच्या पुस्तिकांमधील लोखंडी पिनाही ते न सांगता नखाने उचकटून काढतात आणि तेथे दोरा घालतात. याचे ते प्रतीमागे वीस रुपये घेतात, आणि त्यानंतर माझे एकही पुस्तक दारावरून परत आलेले नाही.

परंतु या दुकानाची खरी किंमत बांधणीत नाही. मी यादी काढली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : “सर, त्यांनी काय मागितलंय ते आधी सांगा. तुम्हाला काय द्यायचंय ते मग बघू.” प्रारंभी हे मला थोडे झोंबले, कारण दान देणाऱ्याला आपली निवड शहाणपणाची वाटत असते. एका तरुणाने कुराण मागितले तेव्हा मी उर्दू प्रत उचलली होती. मालकांनी तो कोणती लिपी वाचतो असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. पुढच्या खेपेला चौकशी केली, तेव्हा तो मराठी शाळेत शिकलेला निघाला. त्याला मराठी अर्थासह छापलेली प्रत मिळाली. ती स्वच्छ कापडात गुंडाळून देताना, झडतीच्या वेळी जमिनीवर ठेवू नये, टेबलावर ठेवण्याची शिपायांना विनंती करावी, हेही मालकांनी बजावले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1952 च्या तुरुंग कायद्यानुसार प्रत्येक तुरुंगात धर्मोपदेशक नेमावाच लागतो. आपल्याकडे ही गरज बहुतांशी बाहेरून येणारे कीर्तनकार, मौलवी, पाद्री आणि आमच्यासारखी मंडळे भागवतात. धर्मस्वातंत्र्य देणारा राज्यघटनेचा अनुच्छेद 25 बंद्यालाही लागू आहे. शिक्षा झाली म्हणून माणसाचे सारे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या सुनील बत्रा प्रकरणात स्पष्ट केले आहे. व्यवहारात मात्र तो हक्क शेवटी एका पुस्तकाच्या आकाराचा, लिपीचा आणि बांधणीचा प्रश्न होऊन दारावर उभा राहतो, आणि तेथे असा जाणता दुकानदार फार उपयोगी पडतो.

उणिवा आहेतच. मराठी आणि कन्नड पुस्तके, अगदी सिद्धरामेश्वरांची वचनेसुद्धा, हाताशी असतात. पण तेलुगू बोलणाऱ्यांची एवढी वस्ती असलेल्या शहरात तेलुगू पुस्तकांसाठी तीन आठवडे थांबावे लागते. एका कच्च्या कैद्यासाठी मागवलेले पुस्तक आले तेव्हा तो जामिनावर सुटून गेला होता आणि ते अजून माझ्या कपाटात आहे. गड्ड्याच्या यात्रेत दुकान आठवडाभर बंद असते, त्यामुळे जानेवारीची खरेदी डिसेंबरातच उरकावी लागते. एकदा एका प्रतीत सोळा पाने नव्हती. ती बिनतक्रार बदलून मिळाली, तरी वाचणाऱ्याला मधल्या पानांसाठी महिनाभर थांबावे लागलेच.

बंद्यांना दिलेल्या प्रत्येक पुस्तकाची ते एका लांबट वहीत नोंद ठेवतात. नाव नाही, फक्त पुस्तक, भाषा आणि तारीख. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2015 मध्ये स्वीकारलेल्या, बंद्यांना कसे वागवावे हे सांगणाऱ्या नेल्सन मंडेला नियमांतील 65 वा नियम सांगतो की धर्मोपदेशकाला भेटण्याचा मार्ग कोणत्याही बंद्याला नाकारू नये, आणि बंद्याने भेट नको म्हटल्यास त्याच्या भूमिकेचा पूर्ण आदर राखावा. मालकांनी हा नियम वाचला असेल असे वाटत नाही. गेल्या आषाढीच्या सुमारास एका वयस्क बंद्याने मी आपणहून नेलेला हरिपाठ दोन्ही हातांनी परत केला आणि “हे नको, मला काहीच नको” असे म्हटले. मी काहीशा खट्टू मनाने तो दुकानात आणला. सुताने शिवलेली ती प्रत आता दुसरे कोणी घेणार नव्हते, तरी मालकांनी शिलाईचे वीस रुपये धरून सारे पैसे परत केले, वहीतील त्या ओळीपुढे ‘नको म्हणाले’ असे लिहिले आणि पुढच्या महिन्याची यादी मागितली.