पोर्ट ब्लेअरचं विमानतळ : बिल्डिंग एक नंबर, टायमिंग तेवढं बघून घ्या

अंदमानला जाऊन आलेले सगळे सेल्युलर जेल अन् हॅवलॉक बेटाचेच फोटो टाकायलेत, विमानतळाबद्दल कोणी लिहीना, म्हणून लिहायलो. वीर सावरकर विमानतळाचं नवं टर्मिनल खरंच भारी आहे. 2023 च्या जुलैत उद्घाटन झालं, साधारण 710 कोटी खर्च, शंखशिंपल्यासारखं छत आणि छतातूनच एवढा उजेड येतो की दिवसा लाइटचं काम पडत नाही. जुन्या टर्मिनलला दिवसाला 4 हजार लोकांची सोय होती, इथं 11 हजारांची. आमच्या विमानाला एरोब्रिज मिळाला म्हणून आईला शिडी उतरावी लागली नाही, तिचे गुडघे गेलेत, त्यामुळं आमच्या घरात पाचपैकी पाच मार्क तिथंच पडले.

धावपट्टी नौदलाची आहे (आयएनएस उत्क्रोश), तर उतरल्या उतरल्या मोबाइल काढून व्हिडिओ करत बसू नका. शहराचं नाव 2024 ला श्री विजयपुरम केलंय, तिकीट शोधताना सापडलं नाही तर पोर्ट ब्लेअर टाकून बघा.

आता आपल्याकडून जायचं कसं. संभाजीनगर, नांदेड कुठूनच डायरेक्ट नाही, लातूरला तर धावपट्टी असून रोजचं विमान नाही, ते बघून तिथल्या एवढ्याशा बेटावरची गर्दी पाहिली की जीव जळतो राव. परभणी-नांदेडवाल्यांनी सरळ देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबाद गाठावं, रात्री तिथंच थांबावं आणि हैदराबादहून सकाळचं डायरेक्ट विमान धरावं, मुंबईला उलटं जायचं काहीच कारण नाही. सकाळचंच घ्या म्हणायलो कारण अंदमान एवढं पूर्वेला असून घड्याळ मात्र आपलंच, डिसेंबरात पाचलाच अंधार पडायला लागतो. दुपारी उतरलात तर हॅवलॉकची बोट त्या दिवशी मिळणं अवघड, अन् हॉटेलचं एक भाडं फुकट जातं. टूरवाले स्वस्त पडतं म्हणून दुपारचंच तिकीट गळ्यात मारतात, ऐकू नका.

खायचं म्हणाल तर आत एका स्टॉलवर चहा घेतला, भाव ऐकून मावशी म्हणली एवढ्यात गावाकडं सगळ्या गल्लीला पाजला असता, आणि चव म्हणाल तर नुसतं गोड पाणी. पोळी-चटणी बांधून न्या.

येताना एक गोष्ट लक्षात ठेवा, लेकरं किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे गोळा करून बॅगेत टाकतात. ते मेलेलं असलं तरी वन्यजीव कायद्यात बसतं, बाहेर नेता येत नाही, स्कॅनिंगला दिसलं की बॅग उघडायला लावतात. आमच्या पुढच्या कुटुंबाची अख्खी बॅग फरशीवर आली होती, पोरगं रडायलं अन् मागं लाइन तुंबलेली. शिंपल्याच्या वस्तू दुकानातून घेतल्या असतील तर पावती बॅगेत नको, हातात ठेवा.

टॅक्सीचं म्हणाल तर शहरातला मुख्य अबर्डीन बाजार विमानतळापासून जवळच आहे, चार-पाच किलोमीटरच्या आतच, त्यामुळं आधी भाडं ठरवा मग सामान चढवा. आम्हाला एकानं सांगितलेला आकडा नुसतं पुढं चालायला लागल्यावरच निम्म्यावर आला.