जेम पोर्टल : ग्रामपंचायत आणि नगरपालिकेच्या खरेदीच्या नजरेतून

9 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झालेले ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’, म्हणजेच जेम, हे सरकारी खरेदीचे ऑनलाइन पोर्टल मुळात केंद्र सरकारच्या खात्यांसाठी होते. 24 एप्रिल 2023 रोजी ते पंचायतींच्या हिशेब व देयकांसाठीच्या ई-ग्रामस्वराज प्रणालीशी जोडले गेले आणि सरपंच व ग्रामसेवकांनाही आपल्या कामासाठी तिथून थेट खरेदी करण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणून हे परीक्षण मंत्रालयांच्या सोयीचे नसून लहान संस्थेला या सेवेचा कितपत उपयोग होतो याचे आहे.

प्रमाणित वस्तूंसाठी पोर्टल उत्तम आहे. संगणक, छपाईयंत्र, खुर्च्या, कपाटे यांसाठी पूर्वी तीन दुकानांची दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करावा लागे, आणि ती तिन्ही दरपत्रके एकाच टेबलावर लिहिली गेल्याची शंका लेखापरीक्षकाला अनेकदा येत असे. इथे लहान रकमेची खरेदी थेट करता येते. त्यावरच्या टप्प्यात निदान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराची निवड करावी लागते. मोठ्या रकमेसाठी बोली किंवा उलट लिलाव (ज्यात विक्रेते एकमेकांपेक्षा दर उतरवत जातात) बंधनकारक ठरतो. या टप्प्यांच्या मर्यादा वेळोवेळी बदलत आल्या असल्या तरी मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच मागणीचे तुकडे पाडायचे नाहीत, हे तत्त्व तेच आहे. शिवाय प्रत्येक मागणीची तारीख नोंदली जात असल्याने असे तुकडे पकडणे आता कागदी फायलीपेक्षा सोपे झाले आहे.

अडचण नियमांच्या थरांमुळे होते. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम 2017 स्थानिक संस्थांना आपोआप लागू होत नाहीत. त्यांच्यावर राज्याचे कायदे आणि शासन निर्णय चालतात, आणि महाराष्ट्रात 1 डिसेंबर 2016 चा उद्योग विभागाचा खरेदीविषयक शासन निर्णय समोर ठेवावा लागतो. पडद्यावर मात्र केंद्राचा टप्पा दिसतो. आपल्या संस्थेला कोणती मर्यादा लागू आहे हे तिथे कुठेही सांगितले जात नाही, त्यामुळे पोर्टलने मागणी स्वीकारली म्हणजे ती नियमात बसली, असा सोयीस्कर समज पसरण्याची भीती राहते.

खरी कसोटी सेवांच्या खरेदीत लागते. सफाई किंवा सुरक्षेसाठी कंत्राटी मनुष्यबळ घेताना वेतनाचा भाग किमान वेतनाने बांधलेला असतो आणि स्पर्धा उरते ती फक्त सेवाशुल्काची, म्हणजे कंत्राटदाराच्या स्वतःच्या मोबदल्याची. बहुतेक बोलीदार किमान अनुमत आकडा भरतात, बोली बरोबरीत सुटतात आणि शेवटी प्रणालीच एकाची निवड करते. अनुभव आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा भरणा यांसारख्या बाबी अटींमध्ये आधीच नेमक्या लिहिल्या नसतील, तर नंतर त्यांना वजन उरत नाही. हा दोष पूर्णपणे पोर्टलचा म्हणता येणार नाही, कारण विनिर्देश, म्हणजे काय हवे याचा नेमका तपशील व अटी, लिहिण्याची जबाबदारी खरेदीदाराचीच आहे. एखाद्या विशिष्ट विक्रेत्याकडे झुकलेले विनिर्देश जितके कागदावर चालत, तितकेच इथेही चालतात. फक्त ते आता टिकून राहतात आणि नंतर कोणालाही तपासता येतात.

माल आल्यावर आधी तात्पुरती पोच आणि तपासणीनंतर स्वीकृती प्रमाणपत्र, ही पद्धत चांगली आहे. विक्रेत्याचे बिल महिनोन्‌महिने पडून राहण्याला तिने थोडा तरी पायबंद बसतो, अर्थात खात्यावर निधी जमा असेल तरच.

झालेले करार पाहण्याची सोय सार्वजनिक आहे, परंतु शोध वस्तूच्या प्रवर्गापासून सुरू करावा लागतो. आपल्या गावाने या वर्षी काय काय घेतले, हे एका यादीत पाहू इच्छिणाऱ्या ग्रामस्थाला ती वस्तू कोणत्या प्रवर्गात मोडते हे आधी ठाऊक असावे लागते.