साडेचार इंची भिंतीनं खाल्लेले तीन इंच : घर डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा अनुभव

वर्गणी नूतनीकरणाचा मेल आला. रक्कम गेल्या वर्षापेक्षा जास्त, आणि खाली ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’. घ्या मग.

नाव लिहीत नाही. अमेरिकन आहे, भिंत ओढली की शेजारी थ्रीडी आपोआप उभं राहतं त्या जातीचं, वापरणारे ओळखतील. फीचर्सची यादी त्यांच्या साइटवर आहेच. सांगलीजवळचं आमचं जुनं घर पाडून नवीन बांधताना ते कसं वागलं, तेवढंच सांगतो.

पहिले दोन-तीन महिने मी जाम खूश होतो. घरात सगळ्यांना लॅपटॉपवर फिरवून आणलं, आईनं देवघर दोनदा हलवलं. मग वीटकाम सुरू झालं.

कॉलम, बीम, स्लॅब झालेले, म्हणजे बाहेरची चौकट पक्की. मागच्या अंगाला एका ओळीत कोठी, बाथरूम, देवघर आणि स्वयंपाकघर. चार खोल्या, मध्ये तीन साडेचार इंची भिंती. गवंडी कोठीपासून छापील माप धरून निघाले आणि स्वयंपाकघराला आल्यावर टेप तशीच धरून मला हाक मारली : “दादा, कागदावर धा फूट एक इंच लिवलंय. हितं नऊ फूट धाच भरतंय. कुठली भिंत पातळ करायची बोला.”

तीन इंच. ओटा आणि त्याला लागून फ्रीज अशी आखणी होती, बाजूच्या भिंतीपासून थोडी मोकळीक ठेवून. ती मोकळीक गेली की फ्रीज भिंतीला चिकटतो आणि दार अर्धंच उघडतं. भाजीचा ट्रे बाहेर येत नाही. हे थ्रीडीत दिसत नाही, कारण थ्रीडीत तीन इंच गेलेलेच नसतात.

आता गेले कुठे ते बघा. या सॉफ्टवेअरची आतली भिंत मुळात लाकडी सांगाड्याची. तिकडे ‘दोन बाय चार’ म्हणतात ती फळी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते. तिला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जिप्सम बोर्ड लावला की झाली साडेचार इंच. आपली अर्ध्या विटेची भिंतही साडेचार इंच, पण ती नुसती वीट. दोन्हीकडचा गिलावा धरला की साडेपाच. स्क्रीनवर साडेचार वाचून कुणाही मराठी माणसाला वाटणार की भिंत बरोबर आहे. बाहेरची भिंत मी नऊ इंची विटेची निवडली होती, आतलीला हात लावायचं कारणच दिसलं नाही. आणि मापाच्या रेषा बोर्डाला धरत नाहीत, आतल्या लाकडाला धरतात. म्हणजे कागदावर दोन खोल्यांच्या मध्ये साडेतीन इंच, गवंड्याच्या हातात साडेचार इंचाची वीट. दर भिंतीला एक इंच, तीन भिंतींना तीन. बाहेरची चौकट काही हलत नाही, मग सगळा तोटा शेवटच्या खोलीच्या माथी. मी चुकलो असं म्हणायला मी अजिबात तयार नाही.

कोठीची भिंत कमरेपर्यंत आली होती, ती पाडली आणि कोठी तीन इंचांनी लहान केली. बाकीच्या दोन पहिल्या थरावर होत्या, त्या सरकवल्या. विटा बऱ्याचशा वाचल्या, मजुरी वाचली नाही.

ग्राहक सेवेला फाइल पाठवली. उत्तर मध्यरात्री : ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. भिंतीच्या जाडीचा आणि ड्रायव्हरचा काय संबंध? पुन्हा लिहिलं, आकृती काढून पाठवली. मग उत्तर आलं की मापं रचनेप्रमाणे बरोबर आहेत. इथल्या विक्रेत्याला फोन केला तर, “सर, बाकी कुणाची अशी तक्रार नाही.” बाकीच्यांची घरं बांधून झाली असतील, फ्रीज अजून घेतले नसतील.

तेव्हा मी एक तारा दिला होता. आता तीन करतोय, त्याचं कारण सांगतो.

भिंतीचा स्वतःचा प्रकार तयार करता येतो. तीन थर : १२ मिमी गिलावा, ११५ मिमी वीट, १२ मिमी गिलावा, आणि मुख्य थर (मापं ज्याला धरतात तो) म्हणून वीट. (बाहेरच्या नऊ इंचीला २३० मिमी. एएसी, म्हणजे हलक्या काँक्रीटचे ब्लॉक वापरणाऱ्यांनी ब्लॉकची खरी जाडी टाकावी, विटेची नव्हे.) जुन्या प्रकाराच्या जागी हा घातला की सगळ्या भिंती एका फटक्यात बदलतात, मापंही आपोआप. मग मापांचे दोन वेगळे लेयर केले. एकात वीट ते वीट, तो गवंड्याचा. दुसऱ्यात गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत, तो ओटा आणि ट्रॉलीवाल्याचा. हे जमल्यावर सॉफ्टवेअर शहाण्यासारखं वागायला लागलं. मग विकताना इथल्या भिंती का भरून देत नाहीत? एवढे पैसे घेता, त्यात आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट आला असता.

जिन्यातही हाच आजार. दोन मजल्यांमध्ये ते आपल्या मनानं लाकडी तुळयांचा फूटभर जाड थर धरतं. आमचा स्लॅब पाच इंचाचा. तो फूट तसाच राहिला की चढायची उंची वाढते, पायऱ्या वाढतात आणि जिना त्याच्यासाठी सोडलेल्या जागेच्या पुढे भिंतीत घुसतो. मजल्याच्या सेटिंगमध्ये जाडी बदला. पायऱ्या एकेक करून ओढत बसू नका.

बाकीच्या कटकटी किरकोळ. खोलीचं क्षेत्रफळ येत नसेल तर कुठल्यातरी कोपऱ्यात भिंती मिलिमीटरभर सुट्या असतात, किंवा एका भिंतीखाली दुसरीचा बारका तुकडा लपलेला असतो. झूम करून तो उडवा. फरशी आणि ओट्याचा पाया एकाच पातळीवर असले की थ्रीडीत चट्टेपट्टे लुकलुकतात, एकाला दोन मिमी उचललं की थांबतात. इंजिनिअरची फाइल आणली आणि घर गावाएवढं झालं, तर मिमी आणि इंच यांचा घोळ आहे, बरोबर २५.४ पटीचा. तीच फाइल जमिनीच्या सर्व्हेच्या आकड्यांवर, नकाशाच्या शून्य बिंदूपासून लांब कुठेतरी बसलेली असेल तर थ्रीडी थरथरतं. सगळं उचलून शून्याजवळ आणा. आणि १०.६ टाइप करू नका. आपण त्याला दहा फूट सहा इंच समजतो, ते दहा फूट सात इंच आणि वर थोडं समजतं.

प्रिंटचं मात्र नीट ऐका, कारण इथे सॉफ्टवेअर निर्दोष आहे आणि झेरॉक्सवाला गुन्हेगार. १:५० ला ए-थ्री पान दिलं की तो न विचारता पानात बसवतो आणि स्केल बिघडते. ए-फोरवर काढलं तर ते १:७१ च्या आसपास जातं आणि साइटवर कुणीतरी पट्टी लावून माप घेतंच. ‘अ‍ॅक्चुअल साइज’ असं तोंडानं सांगा, आणि दुकानातच पट्टी लावून बघा : ३ मीटरची भिंत ६ सेंटीमीटर भरली पाहिजे.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, सावलीची. गावाचे अक्षांश टाकले, प्लॅनवर उत्तर दिशा नीट फिरवून घेतली (ती आधी फिरवायची, नाहीतर सगळं थोतांड) आणि मे महिन्यातली दुपार लावली. उत्तरेच्या खिडकीत ऊन! आधी वाटलं, हेही बिघडलंय. पण नाही. सांगली १७ अंशांच्या जरा अलीकडे, त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेला ऊन कशाला येतंय, असं म्हणून तिकडचा छज्जा आम्ही वगळला होता. तो परत घातला. दक्षिणेचा खोल छज्जा जरा कमी केला, म्हणजे डिसेंबरचं कोवळं ऊन आईच्या खोलीत येतं. या एका कामासाठी चौथा तारा दिला असता, पण ग्राहक सेवेनं तो आधीच खाल्लाय.

ज्याला फक्त खोल्या आणि फर्निचर मांडून बघायचंय त्यानं फुकटचं, ओपन सोर्स ‘स्वीट होम थ्रीडी’ घ्यावं. तिथे भिंतीची जाडी म्हणजे एकच आकडा, जो टाकाल तो. गवंड्याला द्यायचे कागद काढायचे असतील तर या पैसेवाल्याला पर्याय नाही असं नाही, पण मला दुसरं शिकायला वेळ नाही.

वर्षाची वर्गणी भरणार नाही. मुदत संपली की फाइल उघडते पण बदलता येत नाही, म्हणून सगळी पानं पीडीएफ आणि डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडमध्ये उघडते ती फाइल) करून ठेवली आहेत. वरच्या मजल्याचं काम पुढच्या हंगामात काढू, तेव्हा एका महिन्याचे पैसे भरीन. तुमच्याकडे चालू असेल तर तुम्हीही आजच निर्यात करून घ्या, आणि भिंतींचे प्रकार वेगळ्या टेम्प्लेटमध्ये साठवा. नव्या फाइलमध्ये ते आपोआप येत नाहीत, पुन्हा तीच लाकडी साडेचार इंची समोर येते.