थर्मोस्टॅटच्या नावाखाली नुसता डबा विकला, २४० बिया गेल्या

लिहायला लाज वाटते, तरी लिहितोय. ऑनलाइन विक्रेत्याकडून ३ हीट मॅट (बियांच्या ट्रेखाली ठेवून माती तापवणारी विजेची चटई) आणि ३ थर्मोस्टॅट (मातीतल्या सेन्सरवरून तापमान ओळखून मॅट चालू-बंद करणारा डबा) घेतले. पूर्ण रक्कम आगाऊ भरली. तुम्ही भरू नका.

फुलझाडांच्या बिया होत्या: डेल्फिनियम ९६, प्रिम्युला ७२, आणि ४ आठवडे फ्रीजमध्ये ठेवून काढलेल्या इकिनेशियाच्या ७२ बिया घरात ट्रेमध्ये पेरल्या. मी नवखा नाही. मॅट खोलीपेक्षा साधारण ५ ते १० अंशांनी माती तापवते, कोंब दिसले की ती काढायची, नाहीतर रोपं लुकडी होऊन कोलमडतात, हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर थर्मोस्टॅट घेतला!

१८ अंश लावले, पडद्यावर १८ आले. पाचव्या दिवशी सेन्सरची तार मातीतून उपसली, पुसली आणि मुठीत धरली. मूठ चांगली गरम होती. आकडा १८च. मी ते बघितलं, आणि आकडा किती स्थिर आहे म्हणून खूश होऊन तार परत मातीत खोचली. तिथेच कळायला हवं होतं. अजून रात्री तेच आठवतं.

२३ दिवसांत एक कोंब नाही. शेवटी साधा थर्मामीटर मातीत खुपसला: ३६ अंश! डेल्फिनियम आणि प्रिम्युलाला थंडावा लागतो, २०च्या वर त्यांची उगवण अडते. तारेचं टोक कापलं तर आत सेन्सरच नाही, वाळलेला गोंद. नवा थर्मोस्टॅट आला की आधी तार कोमट पाण्यात बुडवा, आकडा हलतो का त्याचा व्हिडिओ काढा.

विक्रेता म्हणतो बियाणं खराब. १० टक्के परत देईन, पण आधी पाच ताऱ्यांचा अभिप्राय द्या. संकेतस्थळ म्हणतं परताव्याची मुदत ७ दिवस. अहो, या बिया रुजायलाच दोन-तीन आठवडे लागतात, ७ दिवसांत कळणार कसं? ग्राहक तक्रार कक्षातले साहेब म्हणाले, "मॅट तापते ना? मग वस्तू चालू आहे." अर्ज दोनदा परत केला. एकदा बिलावर मॉडेल क्रमांक नाही म्हणून, दुसऱ्यांदा फोटोवर तारीख नाही म्हणून. पोलिसांनी रक्कम विचारली आणि वही मिटली. बियांपासून केलेली ही झाडं बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतात, माझं अख्खं वर्ष गेलं, त्याचा रकाना कुणाच्याच अर्जात नाही.

मॅटवर थर्मामीटर ठेवून तापमान बघू नका, मातीत बीच्या खोलीवर बघा.

कापलेली तार पाकिटात जपून ठेवली आहे. तिसरा अर्ज उद्या घेऊन जातोय.