सोफ्याच्या गाद्या घरी शिवायच्या असतील तर हे काळं मशीन घ्या

सोफ्याची कव्हरं, दिवाणाच्या गाद्या, लोड, जाड पडदे असं घरातलं जड काम करायचं असेल, तर उषा कंपनीचं साधं, सरळ टाक्याचं काळं शिलाई मशीन पायाच्या स्टँडसकट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पिको, काजं, भरतकाम सगळं एकाच मशीनवर हवं असेल तर मात्र याच्या वाटेला जाऊ नका. याला एकच टाका येतो, पुढे किंवा मागे, पण सरळ. गेल्या हिवाळ्यापासून मी यावर काय काय शिवलं आणि मशीन कुठे अडलं ते सविस्तर लिहिते. मी घेताना मला असं कुणी सांगायला नव्हतं.

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहेत. सध्या फील्डला, म्हणजे सीमेजवळच्या तैनातीवर, लडाखच्या बाजूला. फील्डला कुटुंब नेता येत नाही, म्हणून मी आणि दोन्ही मुलं पुण्यात एसएफ क्वार्टरमध्ये, म्हणजे फील्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीच्या लष्करी घरात, राहतो, दुसऱ्या मजल्यावर. सोफा आमचा स्वतःचा आहे. आधीच्या पोस्टिंगच्या ठिकाणी एका सुभेदार साहेबांची बदली झाली, त्यांना सामान कमी करायचं होतं, तेव्हा त्यांच्याकडून घेतलेला. सांगाडा सागवानी, एक तिघांचा आणि दोन एकेकट्याचे. लाकूड अजून पन्नास वर्षं हलायचं नाही, पण गाद्यांचा फोम पार बसला होता आणि कापडाची कड जिथे तिथे उसवली होती. क्वार्टरसोबत मिळणाऱ्या एमईएसच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याच्या, फर्निचरला हात लावता येत नाही, जसं मिळालं तसं परत करायचं असतं. आपल्या सोफ्याचं आपण काहीही करू शकतो.

हे निघताना म्हणाले, "सुट्टीवर आलो की बघू." फौजी घरात सुट्टी म्हणजे काय ते सांगायला नको. वर्षाची साठ दिवसांची सुट्टी, त्यातच गावची शेती, सासऱ्यांचा दवाखाना, बँकेची कामं, जेजुरी, आणि चार घरची लग्नं. त्यात सोफा कुठे बसवायचा? तेव्हा मीच करायचं ठरवलं. आणखीही एक कारण होतं. मुलं झोपली की नऊ ते अकरा ही फोनची वेळ. वर हवामान बिघडलं की फोन लागत नाही, कधी सलग काही दिवस लागत नाही. रिकाम्या हातांनी बसलं की मन नको तिथे जातं. शिवणकामात मोजमाप डोक्यात धरावं लागतं, अर्धा इंच सोडला की नाही ते बघावं लागतं, दुसरं काही शिरायला जागाच उरत नाही. ज्यांचे यजमान आता फील्डला आहेत त्या सगळ्यांना मी हे मनापासून सांगते, एखादं मोठं काम काढा. रुमाल आणि पिशव्या दोन दिवसांत संपतात, सोफा महिनोन्महिने पुरतो.

मशीन निवडताना माझ्यासमोर दोन पर्याय होते. शेजारच्या क्वार्टरमधल्या गढवाली भाभींकडे प्लॅस्टिक बॉडीचं ऑटोमॅटिक मशीन आहे, वीसएक प्रकारचे टाके असलेलं. सुती कापडावर त्याचा टाका अतिशय सुरेख पडतो. पण सोफ्याच्या कापडाची चौपदरी घडी त्याखाली धरली तर कापड दाबून धरणारा फूटच पुरेसा वर उठत नाही, आणि घातलीच तर अख्खं मशीन टेबलावर सरकायला लागतं. त्यात दोष कुणाचा नाही, ते हलक्या कामासाठीच असतं. दुसरा पर्याय आमच्या फॅमिली वेलफेअर सेंटरमधला. तिथे आवाच्या, म्हणजे आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशनच्या, शिवणवर्गात ओळीने काळी मशीनं मांडलेली आहेत आणि वर्षानुवर्षं नवशिक्या बायकांचे पाय सोसत आहेत. आवा १९६६ पासून चालू आहे. मी तिथल्या बाईंना सोफ्याच्या कापडाचा तुकडा दाखवला. त्यांनी सोळा नंबरची सुई काढून अठरा नंबरची लावली, तुकड्याची घडी घातली आणि काही न बोलता शिवून माझ्या हातात दिली. मी त्याच आठवड्यात मशीन घेतलं. स्टँड धरून आठ-दहा हजारांच्या घरात जातं, मोटर हवी असेल तर वेगळी.

आता खरं काम. सोफ्याची बैठकीची गादी म्हणजे शिवणाच्या भाषेत पेटी असते. वर एक चौकोन, खाली एक चौकोन, मधे चारी बाजूंनी पट्टी, आणि वरच्या-खालच्या कडांना पायपिंग, म्हणजे कापडात गुंडाळलेली दोरी. माझ्या गाद्या बावीस इंच बाय बावीस, चार इंच जाड. बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम घेतला, पाठीला ३२ चा. कापडाचा पना ५४ इंच होता, त्यामुळे दोन चौकोन आडवे शेजारी-शेजारी निघतात आणि कडेला उरलेल्या पट्टीत बाजूचा एक तुकडा बसतो. पाच बैठका आणि पाच पाठी मिळून साधारण साडेनऊ मीटर कापड लागलं. कव्हर मात्र फोमपेक्षा अर्धा इंच लहान कापायचं. मापाला माप कापलं की महिन्याभरात गादीवर सुरकुत्या पडतात, अर्धा इंच कमी ठेवलं की फोम दाबून आत जातो आणि कापड ताठ राहतं. चेन आणि रनर रविवार पेठेत सुटे मिळतात, मीटरवर. पाच नंबरची चेन घ्या, बारीक चेन गादी भरताना फाकते. ही चेन मागच्या पट्टीत लावायची आणि दोन्ही कोपऱ्यांवरून दोन-दोन इंच बाजूला वळवायची, म्हणजे तोंड मोठं होतं. फोम आत सरकवताना त्याला पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, आत बसला की प्लॅस्टिक ओढून काढायचं.

या मशीनची परीक्षा होते कोपऱ्यावर. तिथे चौकोनाचं कापड, उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीत गुंडाळलेली पायपिंगची दोरी आणि बाजूची पट्टी असे चार पदर दोरीसकट एका जागी येतात. पायपिंगचा जोड नेमका तिथे आला तर सहा-सात पदर होतात, म्हणून जोड नेहमी मागच्या बाजूला, कोपऱ्यापासून लांब घ्यावा. मी कोपरा आला की पाय थांबवते, उजव्या हाताने चाक फिरवून सुई कापडात खाली उतरवते, फूट उचलते, पट्टीला कात्रीने छोटी चीर देते आणि सगळं कापड सुईभोवती फिरवते. मग पुढचे पाच-सहा टाके पायाने न घालता हातानेच चाक फिरवून घालते. सुई एकेक टाक्याला कापडात रुतते आणि पलीकडे निघते, तेव्हा तो खटका हाताला जाणवतो. सुईवर जोर पडायला लागला की हाताला आधी कळतं, सुई मोडण्याच्या आत. याच कारणासाठी मला हे मशीन आवडतं. लोखंडी बॉडी जागची हलत नाही, आणि वेग पूर्णपणे आपल्या हातापायात राहतो. दहाही गाद्यांचे कोपरे एकसारखे निघाले.

टाका मोठा ठेवा, टाक्याची लांबी ठरवणारा खटका जवळजवळ तळाशी नेऊन. जाड कापडावर बारीक टाका घातला तर कापड तिकिटासारखं भोकाभोकांनी फाटतं. दोरा पॉलिएस्टरचा घ्या. सोफावाले वापरतात तो फार जाड नायलॉनचा दोरा या मशीनला झेपत नाही, खालच्या दोऱ्याच्या बॉबिनमध्ये तर मुळीच नाही. मी वर जरा जाड पॉलिएस्टर आणि खाली साधा पॉलिएस्टर वापरते, वरचा ताण थोडा सैल करते. पायपिंगसाठी एका बाजूचा सिंगल फूट वेगळा विकत घ्यावा लागतो, किंमत अगदी किरकोळ. तो घेतल्याशिवाय पायपिंगला हात घालू नका, साध्या फुटाने शिवण दोरीला लागून येतच नाही.

आता अडचणी. पहिली आणि मोठी, पदर सरकतात. खालचे दात खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचं फुटाखाली मागे राहतं. साध्या विणीच्या कापडावर हा फरक बावीस इंचांत थोडकाच पडतो, पण मखमलीवर किंवा शेनिलवर चांगला बोटभर पडतो आणि पेटी पिळल्यासारखी दिसते. मोठ्या कारखान्यांत यासाठी वरून-खालून दोन्हीकडून कापड ओढणारी मशीनं असतात. आपल्याकडे उपाय एकच, आधी हाताने धावदोरा घालून घ्यायचा, मग मशीन मारायचं. वेळ दुप्पट जातो. पहिल्यांदाच सोफा करणार असाल तर मखमल घेऊ नका, दुकानदार कितीही सुंदर रंग दाखवू देत.

दुसरी अडचण रेक्झिनची. रेक्झिन धातूच्या फुटाला चिकटतं आणि टाके एकावर एक पडतात. वर वर्तमानपत्राचा पातळ कागद ठेवून शिवलं आणि नंतर फाडून टाकला तर चालतं. पण रेक्झिनला पडलेलं सुईचं भोक कधी बुजत नाही, उसवून परत शिवायची सोय नाही. जेवणाच्या खुर्च्यांच्या सपाट बैठकांना मी रेक्झिन लावलं, तिथे शिवण नसतेच, खालून पिना मारायच्या असतात. रेक्झिनचा अख्खा सोफा मात्र कारागिराकडेच द्यावा. तसंच ज्या सोफ्याचं कापड सांगाड्यावरच ठोकलेलं असतं, आत नवार, गोणपाट, स्प्रिंगा असतात, तो उघडण्याआधी दहादा विचार करा. तिथे शिवणकाम थोडं आणि सुतारकाम जास्त.

मोटर लावावी का? मी दोन्ही करून बघितलं. पडद्यांच्या लांब शिवणींना मोटर छान. गाद्यांना मी पट्टा चढवून पायानेच चालवते. मोटर हळू चालवायला गेलं की जाड कापडावर अडते, आणि जरा पाय दाबला की एकदम सुटते. शिवाय बराच वेळ चालवली की तापते. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा पायाचं मशीन थांबत नाही, हे आहेच. आवाजाचं म्हणाल तर रात्री साडेदहाला खालच्या घरात तो जाणवतो. मी स्टँडखाली जुनी सतरंजी चौपदरी घालून ठेवली आहे, आता खालच्या ताई म्हणतात की पंख्यापेक्षा कमी ऐकू येतो.

सोफ्याशिवाय दोन कामं सांगण्यासारखी. ह्यांनी सांगितलं होतं की झोपायच्या पिशवीला आतून सुती अस्तर असलं तर बरं, ते काढून धुता येतं. सात फुटांच्या लांब सरळ शिवणी, दोन तासांत दोन अस्तरं झाली. गावाकडचा एक जवान सुट्टी संपवून परत निघाला होता, त्याच्या हाती पाठवली. आठवड्याने फोन आला, त्यात पाच मिनिटं अस्तराबद्दलच बोलणं झालं, शेजारच्या साथीदारालाही एक हवंय म्हणाले. मग आणखी शिवली. दुसरं काम होल्डॉलच्या, म्हणजे अंथरूण गुंडाळून न्यायच्या वळकटीच्या, पट्ट्यांचं. मागच्या सुट्टीत हे आले तेव्हा होल्डॉलचा पट्टा मुळापासून निघालेला होता. जाड कॅनव्हास, त्यावर दुपदरी निवारपट्टी. चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारली, अठराच्या सुईने. तिथे चाक हातानेच फिरवावं लागलं, पण एकही टाका सुटला नाही.

देखभाल फार नाही. जाड कापडाचा भुसा सुईखालच्या शटलमध्ये साठतो, प्रत्येक गादीनंतर ब्रशने काढायचा. तेल थेंब-थेंब, आणि तेल दिल्यावर आधी चिंधीवर चालवायचं, नाहीतर फिकट कापडावर डाग पडतो. आपल्या बदल्यांच्या आयुष्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे सुटे भाग. ही साधी काळी मशीनं सिंगरच्या जुन्या पंधरा क्रमांकाच्या रचनेवर बेतलेली असतात, त्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, सुया, फूट बहुतेक गावांत मिळतात आणि दुसऱ्या कंपनीचेही बसतात. पोस्टिंग आली की वरचं डोकं स्टँडपासून वेगळं होतं. मागचे दोन बिजागरीचे स्क्रू सैल करायचे, पट्टा काढायचा, आणि डोकं गोधडीत गुंडाळून काळ्या पेटीत ठेवायचं. जड असतं, दोघांनी उचलावं. सुई आणि बॉबिन केस आधी काढून वेगळ्या डबीत ठेवा.

घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराच्या मऊ मलमलीवर शिवून बघू नका. घरून आपल्या सोफ्याच्या कापडाची चौपदरी घडी, थोडी पायपिंगची दोरी आणि अठरा नंबरची सुई घेऊन जा. तिथेच स्टुलावर बसा, पायाने हळू चालवून बघा, मग चाक हाताने फिरवून बघा. टाका सुटला किंवा चाक मधेच अडलं तर दुसरं डोकं काढून दाखवायला सांगा. प्रत्येक डोक्याचं चाक थोडं वेगळं फिरतं, आणि दुकानात चार असतात तेव्हा सगळ्यात हलकं फिरणारं आपलं.