हवेतला कार्बन पकडणारं यंत्र, खाडीतली तिवरं की शाळेवरचं सोलर: मंडळाच्या एक लाखाचं काय करावं?

गणपतीत सगळे गावी होतो तेव्हा मुंबईकर मंडळाच्या शिलकी एक लाखाचा विषय निघाला. हवामानबदलासाठी काहीतरी करायचं यावर एकमत झालं, पण काय करायचं यावर तीन सूचना आल्या. परदेशातली कंपनी हवेतून कार्बन डायऑक्साइड काढून जमिनीत पुरते, तिला ऑनलाइन पैसे भरायचे. नाहीतर खाडीत कांदळवन, म्हणजे तिवरं लावायची. नाहीतर शाळेच्या छपरावर सोलर बसवायचं. पुढच्या बैठकीआधी माझा हिशेब सगळ्यांसमोर ठेवतो.

यंत्राबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते खोटं आहे असं काहींना वाटलं. ते खरं आहे. आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स कंपनीचा ‘ओर्का’ प्रकल्प २०२१मध्ये आणि त्याहून मोठा ‘मॅमथ’ २०२४मध्ये सुरू झाला. मोठाले पंखे हवा ओढतात, आतल्या गाळणीवरच्या रसायनाला कार्बन डायऑक्साइड चिकटतो. मग गाळणी साधारण १०० अंशांपर्यंत तापवली की तो सुटा होतो. तो पाण्यात मिसळून खोल बेसाल्टमध्ये सोडतात आणि दोनेक वर्षांत त्यातल्या बहुतेकाचा दगड होतो. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

अडचण ऊर्जेची आहे. हवेच्या दहा हजार कणांत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार. ते वेचायला टनामागे उष्णता आणि वीज मिळून २००० युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. आइसलँडला ती जमिनीतल्या वाफेतून मिळते. आपल्याकडे उन्हवऱ्याला, तुरळला गरम पाण्याची कुंडं आहेत, पण ती आंघोळीपुरती. आपल्या ग्रिडची वीज बरीचशी कोळशाची, युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी. म्हणजे हेच यंत्र धरमतरच्या खाडीकाठी ग्रिडवर चालवलं तर एक टन पकडायला जवळपास दीड टन सोडावा लागेल. शिवाय आपल्या दमट हवेत गाळणीला पाण्याची वाफही चिकटते, ती उडवायला आणखी ऊर्जा जाते.

दर टनाला काहीशे ते हजार डॉलर. आपल्या लाखात एक-दोन टन, फार तर तीन. आणि ‘मॅमथ’ ठरल्याप्रमाणे वर्षाला ३६,००० टन पकडू लागला, तरी जग कोळसा, तेल आणि गॅस जाळून तेवढा वायू अर्ध्या मिनिटात सोडतं.

सोलरचा हिशेब सोपा आहे. सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती मीटरला मिळतं, शाळेला नाही; त्यामुळे लाखात दोन किलोवॅटच्या आसपास बसेल. पावसाळा धरूनही वर्षाला २८०० युनिटच्या जवळपास वीज, म्हणजे सुरुवातीला वर्षाला दोन टनांची बचत. ग्रिड सुधारेल तशी ही बचत घटत जाईल. तरी २५ वर्षांत २५-३० टन धरायला हरकत नाही, शिवाय शाळेचं बिल वाचेल.

मात्र सोलरचे दोन टन आणि यंत्राचे दोन टन एकाच मापाने मोजू नका. सोलर नवा वायू सोडणं टाळतं. हवेत आधीच असलेला त्याने कमी होत नाही. खाडीच्या बांधाला खांड, म्हणजे भगदाड पडलं की आधी खांड बुजवतात आणि मग शेतातलं खारं पाणी काढतात. पण काढावं लागतंच, नाहीतर जमीन गेली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा (आयपीसीसी) २०२२चा अहवालही हेच सांगतो: विमानं, सिमेंट, शेती यांतलं काही उत्सर्जन शेवटपर्यंत उरेल, आणि नेट झिरो (जितका वायू सोडला तितका परत काढणं) गाठायचं तर तेवढा वायू हवेतून परत काढण्याला पर्याय नाही. म्हणून हे तंत्र वाढायला हवं असं मला ठामपणे वाटतं. त्याचा खर्च ज्यांनी दीडशे वर्षं धूर सोडला त्यांनी उचलावा. तुमच्या ऑफिसात विमानप्रवासाच्या भरपाईसाठी निधी असेल, तर तिथे यासाठी जरूर भांडा.

आता कांदळवन. खाडीचा चिखल हवेतला कार्बन खरोखर पुरून ठेवतो: हेक्टरी वर्षाला साधारण ६ ते ८ टन कार्बन डायऑक्साइडइतका. खालच्या जुन्या थरांत तर हेक्टरी शेकडो टन कार्बन साठलेला असतो. लाटांचा मारा तिवरं झेलतात म्हणून बांध टिकतो. चिंबोऱ्या, कोळंबी आणि जिताड्याची पिल्लं तिथेच वाढतात. हे कुठल्याच यंत्राला जमणार नाही. पण हा साठा तोडीने, भरावाने पुन्हा हवेत जातो. दगड झालेला कार्बन जात नाही.

तरीही लागवडीला पैसे देऊ नयेत असं माझं मत आहे. भरतीचं पाणी मोकळं खेळत असेल तर तिवरं आपोआप रुजतात. उलट खांडी वेळेत बुजवल्या गेल्या नाहीत म्हणून खालच्या खारातल्या, म्हणजे बांधाआडच्या भातखाचरांत ती उगवली, आणि आता कायद्यामुळे तिथे हात लावता येत नाही. ज्यांची ती जमीन आहे, त्यांच्यासमोर रोपं लावण्याचा समारंभ करणं मला बरोबर वाटत नाही. बांधाबाहेरचं जुनं कांदळवन मात्र जिवापाड सांभाळायला हवं. रात्री भरावाचा डंपर आला तर फोटो काढून तक्रार करणारी माणसं तिथे हवीत, आणि त्याला लाख रुपये लागत नाहीत.

माझं मत सोलरला. दोन कोटेशनं मागवली आहेत, शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी तेवढी घ्यायची आहे. थोडी रक्कम उरली तर ती बांधासाठी ठेवू. अमावास्येच्या उधाणाला मी तिथे असेन, जिथे माती सुटलेली दिसेल तिथले फोटो ग्रुपवर टाकतो.