उत्तर नॉर्वे की फिनलंडचं लॅपलँड: हिवाळ्यात नक्की कुठे जायचं?

नकाशात दोन्ही प्रदेश एकमेकांना अगदी खेटून, दोन्हीकडे नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आभाळात नाचणारे रंगीत उजेड), म्हणून लोक जिकडचं तिकीट स्वस्त तिकडे जातात. पण फरक खूप आहे, आणि त्याचं मूळ समुद्रात आहे.

उत्तर नॉर्वेतलं शहर ट्रोम्सो आर्क्टिक सर्कलच्या (उत्तर ध्रुववृत्ताच्या) साधारण ३५० किमी उत्तरेला, लॅपलँडमधलं शहर रोव्हानिएमी जवळपास सर्कलवरच. म्हणजे ट्रोम्सो जास्त गार असायला हवं ना, तर उलटं आहे. अटलांटिकमधून येणाऱ्या गरम प्रवाहामुळे तिथे जानेवारीची सरासरी उणे ३-४ अंश सेल्सिअस, बंदर गोठतसुद्धा नाही, आणि रोव्हानिएमीत तीच उणे ११ च्या आसपास. लॅपलँडमधल्या किट्टिलाला तर १९९९ च्या जानेवारीत उणे ५१.५ ची नोंद आहे! उणे २५ ला पहिला श्वास घेतला की नाकातले केस चिकटल्यासारखे होतात, पापण्यांवर बर्फाचे कण धरतात. पण ती थंडी कोरडी असते, नीट कपडे घातले की सोसते. ट्रोम्सोत वारा असतो, मधेच पाऊस पडतो आणि तोच रस्त्यावर गोठून काच होतो, त्यामुळे बुटांना लावायचे स्पाइक्स घ्याच.

आता लाइट्सचं. समुद्राकाठी ढग जास्त. ट्रोम्सोचे गाइड रात्री मोकळं आभाळ शोधत गाडी आत आत नेतात, कधीकधी थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत. यावरून काय ते समजा. दोन-तीनच रात्री हातात असतील आणि फक्त लाइट्सच बघायचे असतील तर माझं मत लॅपलँडला.

पण निसर्ग म्हणाल तर नॉर्वे, इथे मी अजिबात डळमळत नाही. लिंगेन आल्प्सची डोंगररांग, लोफोटेनची बेटं, डोंगर सरळ पाण्यातून उभे राहिलेले, आणि फेब्रुवारीपासून लाकडी मांडवांवर जोडीजोडीने शेपटीला बांधून वाळत घातलेला कॉड मासा, मे पर्यंत तसाच वाऱ्यावर लटकलेला. लॅपलँडचं सौंदर्य शांत आहे, बुटके गोल डोंगर, गोठलेली तळी, मैलोन्मैल जंगल. तिथल्या उंचावरच्या झाडांवर बर्फ इतका थापला जातो की फांद्या दिसेनाशा होतात, फिनिश लोक त्याला टुक्कू म्हणतात.

शहर म्हणून ट्रोम्सो सरस. बेटावर वसलेलं, पूल ओलांडला की १९६५ चं आर्क्टिक कॅथीड्रल, मग केबल कारने वर. रोव्हानिएमी १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळून टाकलं, नंतर फिनिश वास्तुविशारद आल्वार आल्टोने रेनडिअरच्या शिंगांच्या आकारात रस्त्यांचा प्लॅन केला, पण चालताना ते काही जाणवत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र रोव्हानिएमीच, सांताचं गाव तिथेच आहे, आणि हेलसिंकीहून रात्रीच्या ट्रेनने झोपून जाता येतं. ट्रोम्सोला रेल्वेच नाही.

डिसेंबरमध्ये ट्रोम्सोत सूर्य उगवतच नाही, फक्त दुपारी निळसर उजेड, रोव्हानिएमीत जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा दिवस. ज्यांना अंधाराचा त्रास होतो त्यांनी मार्च धरावा.

आणि आठ-दहा दिवस मिळत असतील तर दोन्ही करा, रोव्हानिएमीहून फिनलंडच्या सीमेवरच्या किल्पिसयार्वी गावामार्गे ट्रोम्सो, पूर्ण दिवसाचं ड्रायव्हिंग आहे. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडायला ज्यादा पैसे पडतात ते आधी विचारून ठेवा. झाडं हळूहळू खुरटी होत जातात, मग संपतातच, आणि बॉर्डरनंतर रस्ता खाली उतरला की समोर एकदम फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची अरुंद खाडी. तो टप्पा उजेडातच येईल असं बघा.